सहावी तार

“काळी चार,” मी बंडूअण्णांना म्हणाले.

आईच्या तेराव्याची दुपार होती. जेवणं उरकली होती, पत्रावळ्या उचलून झाल्या होत्या आणि गावचं भजनी मंडळ अंगणातल्या मांडवाखाली बसलं होतं. शेवटचा अभंग लेकीनं म्हणावा, असं आई जाता जाता सांगून गेली होती. बंडूअण्णांनी पेटीचा भाता सोडला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

माझ्या शेजारी आमचे हे टाळ घेऊन बसले होते. ते पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, “अण्णा, पांढरी दोन द्या.”

मला हसू आलं. तेराव्याच्या मांडवात हसू नये, पण आलं. पट्टी म्हणजे गाणाऱ्यानं आपला सा कुठं धरायचा ती पेटीवरची जागा. माझी काळी चार. पांढरी दोन त्याच्या खूप खाली, बाप्यांच्या गळ्याची.

“पांढरी दोन? मला काय मिशा फुटल्यात?” मी म्हणाले. बायका पदराआड हसल्या.

“तसं न्हवं, रत्ना. रडून रडून घसा सुजलाय तुझा. आजच्या दिवस खालनं म्हण.”

“आईला खालनं ऐकवू व्हय? वीस वर्षं काळी चारमध्ये गातीय मी. तुम्ही टाळ वाजवा.”

त्यांनी टाळ उचलले. अण्णांनी काळी चार दाबली. मी डोळे मिटून सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला वर जाताना माझा आवाज फाटला.

पुन्हा धरलं, पुन्हा फाटला. जिना चढताना पुढची पायरीच नसावी आणि पाय हवेत पडावा, तसं झालं. वीस वर्षं जिथं उभी राहिले, ती जागाच मला सापडेना. अण्णांनी पेटी थांबवली. मावशी डोळे पुसत म्हणाली, “कंठ दाटला गं पोरीचा. आई ती आईच.” सगळ्या बायकांनी माना हलवल्या आणि कुणीतरी मला पाणी दिलं.

पण कंठ दाटणं मला माहीत आहे. माझे वडील गेले त्या संध्याकाळी मी सांगलीत कार्यक्रम केला होता. दाटलेल्या कंठानंही सूर लागतो. हे वेगळं होतं. मी ह्यांच्याकडं बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता, डोळ्यांत पाणी होतं, पण नवल काही त्या चेहऱ्यावर नव्हतं.

आमचा ऑर्केस्ट्रा इचलकरंजीचा. मी गायची. इक्बालभाई मुजावर की-बोर्डवर, आणि आमचे हे, म्हणजे चिदानंद हावळ, बेस गिटारवर. दिवसा हे यंत्रमागांचे जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारे. शंभर माग एकदम खटखटत असताना त्यातला कुठला आजारी आहे, हे त्यांना दारातूनच ऐकू यायचं. बाकी माणूस अबोल. बेस वाजवणारी माणसं अशीच असतात असं इक्बालभाई म्हणायचे. बेसचं मिठासारखं आहे. घातलंय हे कुणाला कळत नाही, विसरलं की पहिल्या घासाला कळतं.

वर्षभरापूर्वीपर्यंत ह्यांच्याकडं साधा चार तारांचा बेस होता. मग एक दिवस गोव्याच्या कुणा वादकाकडून सहा तारांचा घेऊन आले. दांडा केवढा रुंद! मी म्हटलं, “चार सांभाळताना घाम फुटतो, त्यात आणखी दोन? दोन बायका करणाऱ्याची कथा ऐकलीय न्हवं?” ते नुसते हसले आणि आठवडाभर आतल्या खोलीत बसून वाजवत राहिले.

तो पहिल्यांदा वाजला शिरोळच्या जत्रेत, फळ्यांच्या स्टेजवर. नव्या दोन तारांतली एक सगळ्यात बारीक, एक सगळ्यात जाड. बारीक तारेवर दोन बोटांनी ते असे सूर सोडायचे की स्वरमंडळ छेडल्यासारखं वाटावं, आणि त्याच वेळी अंगठ्यानं खालची जाड तार. वर चांदणं आणि खाली जमीन, एकाच माणसाच्या हातात. ती जाड तार तर कानांनी ऐकायची नव्हतीच. ती फळ्यांतून तळपायांत यायची, तिथून गुडघ्यांत, पोटात. माझ्या साडीच्या निऱ्या थरथरल्या. पुढं बसलेली म्हातारी माणसं काही न कळता ताठ झाली. त्या दिवशी मी अशी गायले, की जत्रेच्या पाटलांनी कार्यक्रम संपल्यावर फेटा काढून माझ्या हातात दिला.

मी त्या तारेच्या प्रेमात पडले, खोटं कशाला बोलू? आधी गाताना मला नेहमी दोरीवरून चालल्यासारखं वाटायचं. त्या तारेनंतर खाली फरशी आली. कितीही वर जा, चुका, दमा, ती फरशी आहेच. घरी मी ह्यांना म्हणायचे, “पोळ्या लाटतीय, जरा खालची तार वाजवा,” आणि पोळपाटावर पीठ हलायचं.

गेल्या तीन वर्षांत माझा आवाज बदलला, हे मला कळत नव्हतं असं नाही. तो जाड झाला. लोक म्हणाले, आवाजाला वजन आलं. इक्बालभाई म्हणाले, “पिकलाय, वहिनी.” मला ते खरं वाटलं, कारण गाणाऱ्याकडं स्वतःचा आवाज मोजायचं एकच माप असतं. पट्टी. पट्टी सुटली की समजायचं, काहीतरी बिघडलं. माझी सुटलेली नव्हती. की-बोर्डवर इक्बालभाईंची बोटं त्याच काळ्या पट्ट्यांवर पडताना मला दिसायची. मग भाकरीचा घास अधूनमधून घशात अडकला काय, सकाळी आवाज खरखरला काय, मी मनावर घ्यायची नाही. द्वंद्वगीतं कार्यक्रमातून हळूहळू गेली. लोकांना आता ती आवडत नाहीत, असं मला ह्यांनी सांगितलं, आणि तेही मी मानलं.

तेराव्यानंतर आवाज परत आला नाही. मधाचं चाटण झालं, हळदीच्या गुळण्या झाल्या. मग एका सकाळी चूळ भरली तर पाण्यात लाल दिसलं. हे त्याच पावली मला मोटारसायकलवर बसवून मिरजेला घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, बोलायला मऊ. त्यांनी नाकातून एक बारीक नळी आत सोडली, बराच वेळ पडद्यावर बघत राहिल्या, नळी काढली आणि हात धुतले. मला तेव्हाच कळलं. चांगली बातमी सांगणारं माणूस आधी हात धूत नाही.

“आवाज कधीपासून बसलाय?” त्यांनी विचारलं.

“आईच्या तेराव्यापासनं. पंधरा दिवस झाले असतील.”

“त्याच्या आधी काहीच नव्हतं? नीट आठवून सांगा. गाठीच्या मानानं पंधरा दिवस फार कमी आहेत.”

“काहीच न्हवतं, मॅडम. मी गाणारी आहे. मला कळलं असतं.”

मागं खुर्ची सरकली. हे उभे राहिले होते.

“तीन वर्षं,” हे म्हणाले.

मी मान वळवली. ते माझ्याकडं बघत नव्हते, डॉक्टरीणबाईंच्या टेबलाकडं बघत होते.

“तीन वर्षं आवाज बसलेला होता?”

“बसलेला न्हवता. उतरत होता. आधी अर्धा सूर. मग सहा-आठ महिन्यांनी आणखी अर्धा. मग लवकर लवकर. आता पार निम्म्या सप्तकानं खाली आलाय.”

“अहो, काय बोलताय?” मी म्हणाले. “कुणाचा आवाज?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “हे तुम्हाला माहीत होतं, आणि ह्यांना नव्हतं?”

“तिला कळू दिलं न्हाई,” हे म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पुढं जे सांगितलं ते मी खिडकीकडं बघत ऐकलं. गाठ स्वरयंत्रावर होती. कुठवर पसरलीय ते उघडल्यावरच नक्की कळणार होतं, पण बहुधा सगळं यंत्र काढावं लागणार होतं. “सुरुवातीला आला असता तर किरणांवर भागलं असतं,” असं त्या म्हणाल्या आणि लगेच, “आता त्याचा विचार करू नका,” असंही म्हणाल्या. जसं काही ते आपल्या हातात असतं!

इचलकरंजीपर्यंत मी मोटारसायकलवर मागं बसून होते. ह्यांच्या खांद्याला धरलं नाही, मागच्या कॅरिअरला धरलं.

घरी आल्यावर मी एवढंच म्हटलं, “इक्बालभाईंना बोलवा.” ते आले, आणि दारातच माझा चेहरा बघून चप्पल काढायची विसरले.

“बसा. मला सांगा, कसं केलंत. मी तुमची बोटं बघत होते की हो. काळी चारवरच होती.”

इक्बालभाईंनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान हलवली.

“बटण असतं, वहिनी. एकदा दाबलं की सगळा की-बोर्ड अर्धा सूर खाली बोलतो. बोटं तिथंच राहतात. दोनदा दाबलं की एक सूर. बरोबरच्या गायकाला तेवढं खाली जमेना, म्हणून तर द्वंद्वगीतं काढली.”

“आणि तुम्ही किती वेळा दाबलंत?”

“सहा,” ते म्हणाले, आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. पन्नाशीचा माणूस, हाजी माणूस, माझ्या जाजमावर चपला घालून लहान पोरासारखा रडत होता, आणि मला त्याची जराही दया आली नाही.

“कुणाचं डोकं हे?”

“माझं,” हे म्हणाले. “जयसिंगपूरचा गणपती आठव. वरच्या सुराला तुझा आवाज चिरकला, पोरं हसली. तू स्टेजमागं येऊन काय म्हणालीस?”

मला आठवत होतं. मी म्हणाले होते, आवाज गेला तर मला सरळ विहीर दाखवा.

“म्हणून पुढच्या कार्यक्रमाला अर्धा सूर खाली घेतलं. म्हटलं, घसा दमलाय, महिनाभरात येईल वर. आणि तू काय गायलीस त्या दिवशी! घरी येताना गाडीवर सगळी वाट गुणगुणत होतीस. मला परत वर न्यायचं धाडस झालं न्हाई.”

“माग बिघडला की दारातनं ऐकू येतं तुम्हाला. बायकोचा गळा बिघडलेला ऐकू आला न्हाई?”

“आला,” ते म्हणाले. “रोज आला. वयानं उतरतोय असं धरून चाललो. बायकांचा उतरतो, म्हणतात. आणि तुला डॉक्टरकडं चल म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.”

“पण मला फरक कसा कळला न्हाई? की-बोर्ड खोटं बोलला, ठीक आहे. अंगाला कळतंच की. पट्टी उतरली की गाणं पोकळ होतं, मांडवाचा खांब काढल्यागत.”

शेजारचे माग खटखटत होते. इक्बालभाईंनी पायातल्या चपला काढून कडेला ठेवल्या.

“तेच तर झालं, वहिनी. चार तारांच्या बेसला खाली हद्द असते. तुमची पट्टी उतरत गेली तसा खालचा सा त्या हद्दीच्या बाहेर जायला लागला. मग चिदाला वरच्या सप्तकात उडी मारायला लागायची. एकदा मारली, तर तुम्ही गाता गाता मागं वळून बघितलं. आठवतंय? कार्यक्रम झाल्यावर म्हणालात, आज पायाखाली काही न्हवतं.” त्यांनी डोळे पुसले. “पुढच्याच महिन्यात सहा तारांचा आला. त्या जाड तारेवर पांढरी दोनचा सा मिळतो. तिच्याही खाली मिळतो.”

मी त्यावर काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आईनं ऐकलं असतं तर तोंडात राख घातली असती माझ्या. इक्बालभाई गेले. हे उंबऱ्यापाशी बसून राहिले. त्यांना वाटत होतं मी आवाजासाठी संतापलेय. आवाजासाठी होतेच. पण त्याहून जास्त मी संतापले होते त्या तारेसाठी. माझ्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मला फुकट मिळालीय, वाद्याची म्हणून मिळालीय, असं मी समजत होते. आणि ती माझ्या आजारपणावर अंथरलेली चादर निघाली.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी न्हाऊन आले, केस पुसले आणि म्हटलं, “बेस काढा.”

चार दिवसांत मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. ते धडपडत उठले. ॲम्प्लिफायर लावला, बेस मांडीवर घेतला आणि विचारलं, “काय म्हणतीस?”

आमचा कार्यक्रम ज्या गाण्यावर संपायचा, ते मी सांगितलं.

“आणि पट्टी?”

“काळी चार.”

“रत्ना, न्हाई लागायची. त्रास होईल गं.”

“काळी चार द्या. ह्या खेपेला खरी द्या.”

त्यांनी दिली. मी बोट लावून मोजलं, दांड्यावरच्या आडव्या पडद्यांपैकी चौथ्यावरच हात होता. एक पडदा म्हणजे अर्धा सूर. मी सुरुवात केली. मला ठाऊक होतं की नाही लागणार. मला त्यांना ऐकवायचं होतं. तीन वर्षं जे त्यांनी माझ्यापासून झाकलं, ते त्यांच्या तोंडावर फेकायचं होतं. सुडासाठी गाणं म्हणतात हे त्या आधी मला माहीत नव्हतं.

पहिल्या ओळीला मी कशीबशी लटकले. दुसरीला घसरले, आणि घसरले ते कळलंच नाही, कारण खाली सूर जुळलेलाच होता. मी त्यांच्या हाताकडं बघितलं. चौथ्या पडद्यावरचा हात तिसऱ्यावर आला होता.

मी गात राहिले. आवाज आणखी उतरला, हात दुसऱ्या पडद्यावर. मग पहिल्यावर. मग मोकळी तार. त्या तारेवरची जागा संपली तेव्हा बोटं न बघता जाड तारेवर गेली आणि तिथं मला धरलं. फरशी हलली. तळपायांत तीच थरथर आली, पोटात तोच आधार आला, आणि मी पुन्हा सुरात होते. वाईट नाही, चांगली गात होते. ह्यांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. आपला हात काय करतोय, हे त्यांना माहीतच नव्हतं. शपथेवर सांगते, माहीत नव्हतं. मी पडतेय असं ऐकू आलं की तो हात आपसूक खाली यायचा.

तेव्हा माझा राग गेला. तो गेला म्हणून बरं वाटलं असं मात्र नाही. रागाला निदान धरायला जागा होती.

“अहो,” मी म्हणाले, “हात काढा.”

त्यांनी डोळे उघडले, पडद्यांवर आपली बोटं कुठं आलीत ते बघितलं, आणि त्यांचा चेहरा जो झाला तो मी पुन्हा कधी पाहिला नाही.

“मी न्हवतो करत,” ते म्हणाले. “रत्ना, आईशप्पथ—”

“माहीत आहे मला. आता काढा. मला पडू द्या.”

त्यांनी तळहातानं सहाच्या सहा तारा दाबून धरल्या. मी कडवं पहिल्यापासून धरलं. खाली काहीच नव्हतं. वरचा सूर आलाच नाही, नुसती हवा आली. मधले सूर चरचरले, एक कुठं तर दुसरा कुठं. तीन वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज मला जसा होता तसा ऐकू आला, आणि मी तो कडव्याच्या शेवटापर्यंत ऐकला.

शेजारच्या मागांच्या खात्यातली, सुताच्या कांड्या भरणारी गंगाक्का पाणी मागायला म्हणून दारात आली होती. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं, आणि आमच्या घरात काय चाललंय तेही तिला माहीत नव्हतं. मी थांबले तशी ती घाबरून ह्यांना म्हणाली, “अवो जॉबर, बाईंचा आवाज असला कशानं झालाय? डॉक्टरला दावा की लवकर.”